वर्किंग लाइनचं पिल्लू

रविवार, संध्याकाळ

मला वर्किंग लाइन आणि शो लाइनमधला फरक निखिलनेच समजावला होता. वर्किंग लाइनच्या जर्मन शेफर्डमागे दिवसभर कुणीतरी लागतं; शो लाइनचा जरा शांत. आम्हा दोघांच्या नोकऱ्या, हेब्बाळचा फ्लॅट. म्हणून शो लाइनचंच पिल्लू घ्यायचं, असं ठरलेलं.

आज ब्रीडर अक्कांनी माझ्या मांडीवर ठेवलं ते वर्किंग लाइनचं. लगेच ओढणीचं टोक चावायला लागलं.

"अक्का, आमचं शो लाइनचं ठरलंय."

"यांनी फोनवर बदललं की. घरी कोण असणार, हे विचारल्याशिवाय मी ही पिल्लं देत नाही. तुम्ही नोकरी सोडताय म्हणाले, म्हणून सरी, चालेल म्हटलं."

मी निखिलकडे पाहिलं. तो पिल्लाकडे बघत होता.

गाडीत म्हणाला, "तुझ्याशी बोलणारच होतो." कधी? पिल्लू घरी आल्यावर?

पिल्लू तिथेच ठेवून आलो. ओढणीचं टोक पार कुरतडलंय. त्याचा राग नाही आला.

पिल्लाचं पुढे कसं होईल, याची अक्कांनी चौकशी तरी केली. माझं काय, ते निखिलने परस्पर सांगून टाकलं.