तैस्तोचं शिफारसपत्र

२ मे, टाम्पेरे
कंप्युटर गेममध्ये बदल करणारा माझा मॉड ‘नकार बंद’ प्रसिद्ध! मूळ गेममध्ये गावकऱ्यांचे नखरे फार. सरदार लाकडं उचलणार नाही, डॉक्टर चूल पेटवणार नाही, कवी झाडू धरणार नाही. आता सगळे सगळं करणार. गेमची कंपनी यंदा एक मॉड अधिकृत करून घेणार आहे. सोबत एका खेळाडूचं शिफारसपत्र हवं, १२ तारखेच्या आत. म्हणजे झालंच. बायकोला, हिल्काला, सांगितलं की मी आता नोकरी सोडतो. ती म्हणाली, आधी भांडी घास. माझा तो पिंड नाही.

४ मे
सतरा अभिप्राय, सतरा गाढवं. एक रडतोय, पेशंट तडफडत होता आणि डॉक्टर दगड फोडत होता. मग दगड कोण फोडणार, तुझा काका? तसंच उत्तर टाकलं. दुसऱ्याचं सगळं गाव झाडत बसलं आणि उपाशी मेलं. स्वच्छ मेलं ना?

५ मे, सकाळी ९
संकल्प: खेळाडूंशी नम्रपणे बोलायचं.

९.२०
मोडला. त्यांनीच मोडायला लावला.

७ मे
खालच्या मजल्यावरचा तैस्तो जिन्यात भेटला. रिटायर्ड क्रेन ड्रायव्हर, वय एकाहत्तर. त्याला मॉड मीच दिला होता. म्हणाला, "झकास रे आर्टो, काही म्हणजे काही त्रास नाही." सतरा दीडशहाण्यांपेक्षा हा एक क्रेनवाला बरा! पत्र तोच देणार, शनिवारी तालकोतला.

९ मे
तालकोत म्हणजे अख्ख्या बिल्डिंगने मिळून अंगण साफ करायचं. सहा वर्षं मी शिताफीने चुकवलंय. हिल्काला म्हटलं, पाठ दुखते, पत्र घेऊन लगेच वर येईन. ती म्हणाली, तुझ्या गेममधल्या लोकांना पाठ नसते का? बायकांना गेममधलं कळत नाही.

१० मे
दोन तास पानं गोळा केली. मग सॉसेज भाजताना तैस्तोने सगळ्यांसमोर पत्र वाचलं. "खेळात काडीचाही बिघाड नाही. माझा सरदार पूर्वीसारखाच लाकडाला हात लावत नाही."

लावत नाही? मी विचारलं, मॉड चालू केलास का?

तो म्हणाला, "अरेच्चा, चालू करावं लागतं होय?"

११ मे
पत्र आहे तसं पाठवलं. त्यात खोटं एक अक्षर नाही. शिवाय कंपनीतले लोक इतकं बारकाईने वाचत नाहीत.

१५ मे
कंपनीचं उत्तर आलं. मॉड नको. मात्र तैस्तोचं वाक्य त्यांना फारच आवडलंय. मूळ गेमच्या जाहिरातीत छापणार आहेत. त्याला मानधनही देणार. त्याचा पत्ता मला विचारलाय.

कळवला.