पैलवान उठला त्या दुपारी

आई, सोमवारी मला दवाखान्यात दाखल व्हायचंय. छातीचं ऑपरेशन आहे. हल्ली सर्रास होतं म्हणतात, शेजारचे जोशीबुवासुद्धा करून आलेत आणि पुन्हा जिने चढायला लागलेत. डॉक्टर अगदी कोवळा पोरगा आहे, बोलायला लाघवी. सगळं समजावून झालं, पेन खिशाला लावलं आणि दारापर्यंत सोडायला येता येता म्हणाला, "काका, घरच्यांशी एकदा बोलून ठेवा. तशी वेळ येणार नाही, पण आलीच, तर किती करायचं आणि कुठे थांबायचं ते." चहाचं विचारावं तसं विचारलं त्याने. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. घरातली तू नाही, मेसच्या शेगडीपुढची तर नाहीच. माझ्या दुकानात, अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत, कॉम्प्युटरच्या उजेडात चेहरा निळा झालेली तू.

कारखान्याने गोड बोलून घरी बसवलं आणि मी मंडईमागच्या बोळात ती खोली घेतली, ते तुला वेडाचं वाटलं होतं. बरोबरच होतं तुझं. जन्म गेला लेथवर, कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. भंगारातली मशीन आणायची, उघडायची, जोडायची, नाही चालली की परत उघडायची, असं करत शिकलो. आयटीतली पोरं येऊ लागली दुरुस्तीला. तुझे गुडघे गेले म्हणून तू मेस बंद केलीस, पण हात गप्प बसेनात, म्हणून येरवड्याहून बसने माझा डबा घेऊन यायचीस. एक ते चार दुकान बंद. कुणी गिऱ्हाईक वाकून शटरखालून हाक मारू लागलं की तू आतून म्हणायचीस, "पाटी वाचता येते ना? मग घड्याळही येत असेल." पाय वाजत वाजत निघून जायचे, आणि मी तोंडावर हात धरून हसायचो.

कॉम्प्युटरवरचा तो खेळ दुकानात आला तो कामासाठी. कुणाचं ग्राफिक कार्ड नीट बसलंय का ते बघायचं तर काहीतरी जड चालवावं लागतं. एका पोराने विसरलेली सीडी होती, राक्षस, तलवारी, जादूटोणा असला इंग्रजी खेळ. मी तो लावून ठेवायचो आणि पडद्यावरचं चित्र फाटतंय का ते बघत जेवायचो. एक दिवस तू म्हणालीस, "हे गाव कुठलं रे? धुकं किती आहे." मी बाणाची बटणं दाखवली. पुढच्या आठवड्यात मी मागच्या स्टुलावर आणि खुर्चीत तू. लढाईशी तुझं काही देणंघेणं नव्हतं. तू भिंतीकडेची अळंबी खुडायचीस, लोकांच्या फडताळातले कोबी उचलायचीस, वाडगे, पातेली, पाव, सगळं. आणि मग ते न्यायला तुला एक माणूस मिळाला. खानावळीत बसलेला, दांडगा, दाढीवाला, बोलावलं की मागून येणारा. तू त्याला पैलवान म्हणायचीस. त्याला भूक लागत नाही, खेळात तशी सोयच नाही, हे मी सांगून दमलो. तू त्याला पाव द्यायचीसच. "एवढा ओझं उचलतो, उपाशी कसा राहील?" परगावच्या पोरांना इतकी वर्षं वाढलंस, तुझा हात आखडणार कसा?

कमांडचं वेड माझं. एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं की एस्केपच्या खालचं बटण दाबलं की खेळ थांबतो, खाली करडी पट्टी उघडते, आणि खेळ बनवणाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवलेले हुकूम तिथे लिहिता येतात. मला तर घबाडच सापडलं. पैलवानाच्या पाठीवरचं ओझं हलकं केलं, अंधाराचा उजेड केला. तुला गंमत वाटायची, पण ते थांबणं तुला आवडायचं नाही. पट्टी उघडली की सगळं गाव जिथल्या तिथे गोठायचं. पाय उचललेला माणूस तसाच, कोंबडी चोच खाली करून, चुलीतला जाळ ताठ. "लवकर सोड रे त्यांना," तू म्हणायचीस. "श्वास धरून बसलेत." एकदा मी भिंती आरपार होतात तो हुकूम दिला. तू हौसेने चालत निघालीस आणि जमिनीतूनच खाली गेलीस. वर बघितलंस तर गाव दिसत होतं, पण खालून. घरांना तळ नव्हते. माणसं हिंडत होती ती फक्त तळपायांची. आणि तुझ्याखाली नुसतं करडं, त्याला शेवट नव्हता. तू बटणावरून हात काढून मांडीवर घेतलास. "खाली काहीच नाही रे," असं म्हणालीस, आणि त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

पैलवान मेला तो तुझ्या कोबीपायी. त्याच्याकडची ढाल जागा खाते म्हणून तू ती काढून टाकलीस आणि त्या जागी कोबी, पातेली भरलीस. पुलापलीकडे राक्षस आला. तू मागे पळालीस, तो पुढे गेला, त्याचं कामच ते. पुलाच्या तोंडाशी आडवा पडला. तू पदराने चष्मा पुसलास. दुसऱ्या दिवशी खेळ उघडलास तर तो तिथेच होता. त्या खेळात मेलेली माणसं कुणी उचलत नाही.

मला वाटलं, आईला खूश करू. तू डबा विसळायला मोरीकडे गेलीस, तेवढ्यात मी पट्टी उघडली, त्याच्यावर क्लिक केलं, एक शब्द टाइप केला. तो शब्द मला पाठ आहे, पण मी तो इथे लिहिणार नाही. पैलवान हललाबिलला नाही. आडवा होता तो एकदम उभा होता, मधलं काही नाही. हात मोकळे. पातेली गेली, पाव गेले, अंगावर पहिल्या दिवशीचे कपडे. तू हात पुसत आलीस, बघितलंस, आणि तुझा चेहरा असा उजळला की मला वाटलं जिंकलो. खुर्चीत बसून त्याच्याशी बोलायचं बटण दाबलंस. तो बोलला. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण कान तुझा पक्का. तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस.

"हे तर पहिल्या दिवशीचं बोलणं आहे."

मी म्हणालो, असंच होतं, त्याचं मागचं पुसलं जातं.

"म्हणजे मी कोण, त्याला ठाऊक नाही."

तू परत बटण दाबलंस. त्याने परत तेच वाक्य म्हटलं, त्याच आवाजात. चालून बघितलंस, तो मागे आला नाही. त्याची नजर तुझ्यावरून पलीकडे गेलेली. पंखा फिरत होता, शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती.

"त्याला विचारलं होतंस का?"

"कुणाला?"

"त्याला. उठायचंय का म्हणून."

"आई, अगं, खेळ आहे."

"मग खेळातच परत झोपव त्याला."

मी जुन्या ठिकाणाहून खेळ उघडून देतो म्हणालो, जिथे तो जिवंत होता तिथून. नको म्हणालीस. मग मी दुसरा शब्द टाइप केला, पहिल्यापेक्षा लहान. तो उभ्याचा खाली कोसळला. तू बघत होतीस, मान फिरवली नाहीस. आणि मग अगदी सहज, जाताना दूध घेऊन ये म्हणावं तशी म्हणालीस, "माझ्या वेळेला असलं काही करायचं नाही. गेले की गेले."

"तुझ्यासाठी कमांड नाहीये गं," मी हसून म्हणालो.

"नाही ना? बरंय. असली तरी नाही."

कमांड होती, आई. दोन पावसाळे गेले, आणि तू सकाळी भाजी निवडता निवडता एका कुशीवर कललीस. दवाखान्याच्या बोळकांडीत हिरव्या कपड्यातला डॉक्टर बाहेर आला. मेंदूत रक्तस्राव झालाय, श्वास कमी पडतोय. नळी घालून मशीनवर घ्यायचं तर आत्ताच. काही दिवस जातील, शुद्धीवर आल्याच तर ओळखतील असं सांगता येत नाही. त्याने हे शेवटचं म्हटलं आणि मला पैलवानाची ती पलीकडे गेलेली नजर दिसली. फोनवर अमेरिकेतून दादा. "लाव. पैशाचं बघू नको. मी निघालोय, मी येईपर्यंत तरी ठेव तिला." ही माझा दंड धरून म्हणत होती, "अहो, भावजी येतायत, तोवर तरी." सगळे तसंच करतात. मुलगा विमानात असतो आणि आई मशीनवर, आपल्या पुण्यात याचं कुणाला नवल राहिलेलं नाही.

मी नाही म्हणालो. डॉक्टरने परत विचारलं, मी परत नाही म्हणालो. दुपारी, दुकान बंद असायच्या वेळेला तू गेलीस. दादा आला तेव्हा तू बर्फात होतीस. क्रियाकर्म उरकलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, पैलवान, पूल, तू काय म्हणालीस ते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आईचा निकाल तू व्हिडिओ गेम बघून लावलास. छान." त्यानंतर तो माझ्या घरी जेवला नाही. मला वाईट वाटलं, पण डळमळलो नाही. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं शांत झोपलो.

आता ते मोडलंय. काल लेक आली होती हिंजवडीहून, ऑफिसातून थेट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा तसाच. डॉक्टरचं बोलणं तिला माहीत होतं. तुझी गोष्टही तिला लहानपणापासून माहीत आहे, मीच अभिमानाने सांगितलेली. त्यामुळे माझं उत्तर तिने गृहीतच धरलं होतं, नुसतं तोंडी वदवून घ्यायचं होतं. पाण्याचा ग्लास हातात देत म्हणाली, "बाबा, तुमचंही आजीसारखंच ना? म्हणजे मशीन वगैरे..."

आई, तू ते बोललीस तेव्हा धडधाकट होतीस. डबा विसळून आली होतीस, पोटात अन्न होतं, बाहेर ऊन होतं. मीही धडधाकट असताना तेच म्हणत आलो. पण त्या बोळकांडीत, स्ट्रेचर आत नेताना, तुझे डोळे उघडे होते. मी ते बघितले होते. उघडे म्हणजे शुद्ध होती असं नाही, डॉक्टर म्हणाले, आणि मी ते मानलं. त्या वेळी तुला कुणीच काही विचारलं नाही. मी तर नाहीच. मला वाटलं, विचारून झालंय.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, सोमवारच्या आत फाडून टाकेन. दादाला तर नाहीच, त्याला आयतं कोलीत मिळेल. तुला मात्र सांगायला हवं. लेकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी तिचा हात धरला होता, आणि म्हणालो होतो, "लाव. जे असेल ते सगळं लाव."