मुलीच्या बापाने मागितलेले शहर

वाशी, रविवार, १२ जानेवारी १९८६

नंदाचे पत्र काल आले. आज निवांत बसून पुन्हा वाचले. लिस्बनच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत जावयांची नोकरी कायम झाली. मे महिन्यासाठी चार तिकिटे तेच पाठवणार: आम्ही दोघे आणि शिरवण्याचे व्याही-विहीण. जावयांना सुटी चारच दिवस, त्यामुळे लिस्बनबाहेर एकाच ठिकाणी जाता येईल. पर्याय दोन. एक, अटलांटिक महासागरातले साओ मिगेल हे ज्वालामुखीचे बेट. तिथली जमीन अजून धुमसते, गरम पाण्याचे झरे आहेत. दुसरा, पोर्तो, नदीकाठचे पुरातन शहर, द्राक्षांच्या दारूसाठी शतकानुशतके प्रसिद्ध. "चौघांनी मिळून ठरवा आणि कळवा. भांडू नका."

पोर्तो. पत्र खाली ठेवले आणि उगाच पंख्याकडे पाहत राहिलो. बी.कॉम.ला असताना अर्थशास्त्राच्या सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले होते: कापड, दारू. इंग्लंडने कापड विणावे, पोर्तुगालने दारू करावी, अदलाबदल करावी, दोघेही फायद्यात. त्या तासाला जगाचा सगळा व्यापार मला एकदम उलगडला होता. पुढची तीस-बत्तीस वर्षे मी कारखान्यांचे हिशेब ठेवण्यात घालवली. पण ती दारू ज्या बंदरातून निघे ते बंदर प्रत्यक्षात आहे, आणि तिथे तिकीट काढून जाता येते, हे मनात कधी आलेच नव्हते.

सौ.पाशी काही बोललो नाही. एकतीस डिसेंबरला सोसायटीच्या गच्चीवरून बाटल्यांचे खोके अध्यक्ष या नात्याने मीच परत पाठवले. आता दारूच्या गावाला जायचे आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

सायंकाळी व्याही, हिराजी, तिळगूळ घेऊन आले. माझा अंदाज असा होता की ताडीवर जाहीर प्रेम असलेला हा गृहस्थ दारूचेच शहर निवडणार आणि माझे काम परस्पर होणार. अंदाज साफ चुकला. नंदाने त्यांनाही लिहिले आहे की बेटावरचे लोक मटण-भाजीचे भांडे जमिनीत पुरतात, वर माती लोटतात, आणि जमिनीच्या उष्णतेवर जेवण शिजते.

"लाकूड नाय, जाल नाय, नी पोपटी तयार!" शेतात मडके जाळात भाजून करायची पोपटी हा त्यांचा जीव की प्राण; व्याही खुर्चीवरून अर्धे उठलेच. "मना ती जमीन बगाचीच हाय, याही. हात लावून बगाची."

सौ. स्वयंपाकघरातून: "आणि गरम पाण्याचे झरे आहेत म्हणे. वज्रेश्वरीला नेतो म्हणून किती वर्षे सांगताय तुम्ही. माझे गुडघे आता अटलांटिकमध्येच शेकायचे दिसतात."

विहीणबाई व्याह्यांच्या मागे. म्हणजे तीन विरुद्ध एक, आणि तो एक कोण हे कुणालाच ठाऊक नाही.

सांगता आले असते. सांगितले नाही. मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे मागणे मांडायचे नसते. लग्नात नाही, नंतरही नाही. माझ्या वडिलांनी तिन्ही मुलींच्या सासरी हे पाळले. मीही पाळत आलो.

रविवार, १९ जानेवारी

दोन्ही ठिकाणांचा तुलनात्मक तक्ता केला. प्रवास, हवामान, आहार, चालणे, प्रेक्षणीय स्थळे. सर्वथा निःपक्षपाती. सौ.ने चष्मा लावून वाचला.

"अहो, बेटाच्या रकान्यात सगळे दोषच कसे?"

"वस्तुस्थिती आहे."

"'जमीन अविश्वसनीय' हा दोष होय?"

तक्ता फाडला. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. काही ओळखले असावे. तीस वर्षांनंतर ओळखते.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी सोसायटीत झेंडावंदन. सायंकाळी शिरवणे, व्याह्यांकडे पोपटी. सरकारने जमीन घेतल्यावर घरामागे उरलेल्या तुकड्यात अजून ते वाल लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडके उपडे, भोवती जाळ. आम्हा दोघांसाठी निव्वळ शेंगा-बटाट्यांचे वेगळे मडके. विहीणबाई हे कधी विसरत नाहीत.

शेंगा सोलताना व्याह्यांनी विषय काढला. "मंग याही, बेटच ना? कलवू पोरीला?"

होकाराचा शब्द ओठांपर्यंत आला होता. सौ.ने कोपराने ढोसले. चुकून नव्हे.

"मला पोर्तोला जायचे आहे," मी म्हणालो.

जाळ तडतडत होता. मग विहीणबाई, कपाळावर हात मारून: "आगो बाय! आता हे पन दारू घेनार?"

व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तुमी थेंब घेत नाय, नी तिथं काय वास घेत बसनार?"

मग मी सांगितले. फळा, सर, कापड, दारू, जहाजे. सांगू लागल्यावर थांबता येईना. एकाने एक वस्तू चांगली करावी, दुसऱ्याने दुसरी, आणि कुणी कुणाला लुबाडू नये. इतकी स्वच्छ गोष्ट मी पुन्हा ऐकली नाही, हेही बोलून गेलो. प्रत्यक्ष व्यवहारात ती तितकी स्वच्छ नव्हती, हे पुढे वाचले आहे, तेही सांगितले. सौ. माझ्याकडे नव्याने पाहत होती. व्याह्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"लगनाला पाच वर्सं झाली," ते सावकाश म्हणाले. "मानपान सगला आमी घेतला. तुमी कवा काय मागलाव? आज पयल्यांदा मागलाव ना?" आणि तेलकट हाताने माझ्या पाठीवर सणसणीत थाप. "दिला! पोर्तो दिला तुमाना!"

जणू शिरवण्याच्या शिवेतलेच शेत देत होते.

सौ.: "आणि माझे गुडघे?"

विहीणबाई: "गुडघं मी चोलीन गो इनबाय, तेल लावून. गप ऱ्हा."

सदऱ्यावर पाचही बोटांचा ठसा उमटला आहे. सौ.ला धुवायला दिला नाही.

सोमवार, २७ जानेवारी

नंदाला पत्र टाकले. 'पोर्तो' शब्दाखाली दोन रेघा. कारखान्यात दिवसभर चित्त प्रसन्न. हिशेब तपासणीसांच्या अकरा शंका हसतमुखाने निकालात काढल्या. हाताखालचे कारकून धास्तावले.

रविवार, ९ मार्च

पाच मीटर पांढरे कापड खरेदी केले. इचलकरंजीचे. वीण भिंगाने तपासली, काठ सरळ आहेत. दुकानदार: "साहेब, सदरा शिवायचाय की मुलगी द्यायचीय?" सौ.ला हेतू सांगितला नाही, तरी म्हणाली, "तुम्ही तिथे जाऊन हसे करून घेणार."

शक्य आहे.

लिस्बन, रविवार, ४ मे

सुखरूप. नंदा बारीक झाली आहे, आनंदात आहे. विमानतळावर आम्हा चौघांना पाहून रडली. मग विहीणबाईंच्या पिशवीत सुके बोंबील सापडले तेव्हा हसली. व्याही रस्त्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला "राम राम" म्हणतात. म्हातारे टोपी काढतात.

पोर्तो, बुधवार, ७ मे

आलो.

नदी खोल दरीतून येते. दोन्ही काठ चढणीचे, घरांवर घरे. एक बाब काटेकोरपणे नोंदवतो: दारूची गोदामे पोर्तोत नाहीतच. ती नदीपलीकडे, वेगळ्या गावात. तिथे पिंपे भरून वर्षानुवर्षे ठेवतात, आणि बाटलीवर नाव मात्र पोर्तोचे. व्याह्यांनी एका वाक्यात निकाल दिला: "म्हंजे कांदा-बटाटा वाशीत, नी मार्केट मुंबईचा!"

अर्थशास्त्राच्या एकाही पुस्तकात हे इतके नेमके दिलेले नाही.

गुरुवार, ८ मे

दहा वाजता पूल ओलांडून गोदामात गेलो. आत थंड, अंधूक. मोठमोठी पिंपे आडवी. हवेला ओल्या लाकडाचा आणि जुन्या गुळाचा वास. देखरेखीला पिकल्या मिशांचा एक उंच गृहस्थ होता. पिशवीतून कापड काढले आणि नंदाला म्हणालो, सांग यांना. मी कापड आणले आहे. मला त्याबदल्यात दारू हवी.

"बाबा, खरंच?"

"शब्दशः सांग."

तिने सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग कापडाकडे. चिमटीत धरून चुरगळून पाहिले, दिव्यासमोर नेऊन वीण पाहिली. जाणकार माणूस. मग आत हाक मारली. आणखी दोघे आले, तिघांचे पोर्तुगीजमध्ये बोलणे झाले, आणि तिघेही एकदम हसू लागले. पण ते हसे नव्हते. म्हातारा एक धुळकट बाटली घेऊन आला, स्वतःच्या रुमालाने पुसून माझ्या हातात दिली आणि हात इतका दाबला की अंगठी रुतली. नंदा म्हणाली, तो म्हणतोय, आमच्याकडे कापड इंग्लंडहून येई. हे त्याहून बरे आहे.

सौदा झाला. फळ्यावरचे दोन्ही शब्द आज माझ्या हातांखालून गेले.

व्याही मागून: "आता पावती मागा!"

मागणारच होतो.

चवीसाठी सगळ्यांना लहान पेले. मी घेतला नाही. व्याह्यांनी तोंडात घोळवून जाहीर केले, "ही दारू नाय, गुलाचा पाक हाय." विहीणबाईंनी पदराआड दोन पेले संपवले आणि पाकच आहे म्हणून दुजोरा दिला. पुलावरून परतताना सौ.ने माझा हात धरला होता. भर रस्त्यात.

सायंकाळी जावयांनी गोदीत फोन केला. रजा दोन दिवस वाढवून मिळाली. त्या दोन दिवसांत नावेतून वर द्राक्षमळ्यांपर्यंत जाता येईल; ही दारू तिथे जन्मते. किंवा उद्या निघालो तर बेटावर. विमानात जागा आहेत. सकाळी नक्की कळवायचे. दोन्ही होणार नाही.

नंदा: "बाबा, तुम्ही म्हणाल तसं."

व्याही ताबडतोब: "द्राक्षांचं मले बगू, मले. पोर्तो तुमाना दिलाय, पुरता दिलाय. अर्धा नाय देत आमी."

शुक्रवार, ९ मे. सकाळ

लवकर उठून नदीवर गेलो. व्याही आधीच तिथे. धक्क्याच्या दगडांवर उकिडवे बसलेले. मी मागे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी तळहात दगडावर टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग थोडे सरकून मातीवर.

माझी चाहूल लागल्यावर हात झटकून उठले. "गार हाय हितली जमीन," म्हणाले आणि हसले. नावा आणि नदीचे कौतुक करू लागले. जरा जास्तच.

परत खोलीवर. द्राक्षमळ्यांची नाव नऊला सुटते; विमानाचे त्याआधीच कळवायला हवे. मळे मला पाहायचे आहेत. फार पाहायचे आहेत. सौ. वेणी घालता घालता आरशातून विचारते आहे, "काय ठरले?" दरवाजा वाजतो आहे; नंदा असावी. बूट घातले; नंदाला सांगतो, विमानाचे कळव.