गच्चीवरची दोरी

दादा,

तू कालपासून अबोला धरलायस, म्हणून लिहून ठेवतेय. सोलरवाले आलेत, मी त्यांच्याबरोबर गच्चीवर आहे. सरकारने सबसिडी दिली म्हणूनच अख्खी बिल्डिंग सोलरला तयार झाली, हे मी काल म्हणाले, आजही म्हणेन. तू वीज वाचवायला बांधलेल्या कपडे वाळवायच्या दोरीने जग बदलत नसतं.

पॅनलसाठी तीच दोरी सोडायला गेले, तर कपड्यांचा ड्रायर घेतला म्हणून मिरवणाऱ्या वरच्या काकू धावत आल्या. "हात लावू नकोस, माझे कपडे आहेत त्यावर!" नीट पाहिलं, तर तुझा एकच शर्ट होता. बाकी सगळी बिल्डिंग वाळत होती.

दोरीला जागा राहावी म्हणून पॅनल थोडं सरकवायला सांगितलंय. चहा झाकून ठेवलाय, तो पिऊन वर ये. दोरी नव्या जागी तूच बांध. माझ्या गाठी सुटतात.

— धाकटी