वीस पाकिटं, एक चमकी आणि माझे रविवार

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
सोमवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय सीतारामअण्णा,

वयाने मोठे आणि त्यात थोरले साडू, तेव्हा आधी वाकून नमस्कार, बाकीचं मागाहून. गुडघ्यांना नवीन तेल लागू पडलं का ते कळवा. मालनताईंनी चहातली साखर खरंच सोडली आहे की फक्त तुमच्यासमोर सोडली आहे तेही कळवा (आमच्या घरी दुसरा प्रकार चालू आहे). जायफळं यंदा बरी धरली असं ऐकलं, फार समाधान वाटलं. इकडे आम्ही सर्व खुशाल. मी तर इतका खुशाल आहे की विनिता कालपासून तीनदा म्हणाली, जरा कमी हसा, शेजारचे काहीतरी अर्थ काढतील. फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात येईल. आमच्याकडे फोन म्हणजे स्पीकर. ही भाजी निवडत सगळं ऐकते आणि मध्येमध्ये दुरुस्त्या सुचवते. विजयाची हकिगत अशी तुकड्यातुकड्यांत सांगता येत नाही.

तर थेट सांगतो. जिंकलो. जावई हरला, व्याह्यांनी मानलं, आणि माझे रविवार मला परत मिळाले.

आता पहिल्यापासून. आमची मेघना ठाण्याला खोपटला डेपोच्या मागे राहते हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिची संचिता, वय वर्षं नऊ, दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे येते आणि रविवारी रात्री जेवून जाते. या पोरीला कार्डांचा नाद. 'अजस्र' नावाची कार्डं मिळतात, त्यावर सहा डोळ्यांचे मासे, शेपटीतून आग ओकणारे बैल असली मंडळी. सीलबंद पाकिटात सहा कार्डं. आत कोण बसलंय ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि क्वचित एखाद्या पाकिटात एक चकचकीत कार्ड निघतं, त्याला पोरं चमकी म्हणतात. चमकी निघाली की वर्गात आठवडाभर राज्य. नाही निघाली तर तेच सहा डोळ्यांचे मासे, ज्यांची संचिताकडे एवढी भरती झालेली की कपाटातून वास यायचा बाकी होता.

अण्णा, मी बत्तीस वर्षं कल्याणला सराफी पेढीत काट्यावर बसलो. नथीतला एक मोती बदलला तरी माझ्या हाताला कळायचं. पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं, चमकीच्या कार्डाला वर्ख आहे, आणि वर्ख म्हटलं की वजन आलं. घरी येऊन खिशातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून पाहिलं. चमकीचं पाकीट इतरांपेक्षा दीड गुंज जड! (आता मिलिग्रॅम म्हणतात. म्हणोत.) पुढच्या रविवारपासून मी काटा खिशात घालून स्टेशनाजवळच्या बंटीच्या स्टेशनरीच्या दुकानात जायला लागलो. आठवड्याला एकच पाकीट घ्यायचं, पण तोलून घ्यायचं. बंटी आधी हसला, मग त्याने मला बसायला स्टूल दिलं, कारण माझं तोलणं बघायला गिऱ्हाईक थांबायचं. एक्केचाळीस रविवार, एक्केचाळीस चमक्या. संचिता शाळेत सांगायची की माझे आजोबा कधीच चुकत नाहीत. पेढीतून निवृत्त झाल्यापासून माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.

आणि इथेच घात झाला. तिच्या वर्गातली पोरं घरी हट्ट करायला लागली, आयांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गाऱ्हाणी घातली, आणि ती वाचली आमच्या जावयाने. प्रीतम स्वभावाने गरीब, पण बँकेत रिस्क की कायशा खात्यात असतो. दिवसभर कुठे काय बुडेल याचाच विचार करायचा पगार घेतो, तर घरी येऊन दुसरं काय करणार? त्याने शांतपणे (त्याचा शांतपणाच मला सहन होत नाही) सांगितलं की बाबा, आत काय आहे ते माहीत नसताना पैसे टाकायचे आणि नशिबाची वाट बघायची, याला जुगार म्हणतात. पोरीला ही सवय नको. हे ठरेपर्यंत ती रविवारी येणार नाही. तिच्यासाठी रविवारचा रोबोटिक्सचा क्लास बघितलाय, फॉर्मही भरून ठेवलाय.

जुगार! तुम्ही मला ओळखता. गणपतीत सासुरवाडीला रात्री पत्ते पडायचे तेव्हा मी एकटा भांडी घासायला जायचो. असल्या माणसाला हा शब्द लागला. पण खरं सांगू, शब्दाचं तितकं नाही. दोन रविवार ती आली नाही. विनिताने सवयीने तीन थालीपिठं थापली आणि तिसरं संध्याकाळपर्यंत ताटात तसंच राहिलं. घर नुसतं खायला उठलेलं. टीव्ही लावला तर हिला आवाज नको, बंद केला तर मला शांतता नको. दुसऱ्या रविवारी मी तीनदा काटा काढून पुसला. माझं वय सहासष्ट, अण्णा. या पोरीचे माझ्याकडे यायचे असे किती रविवार उरलेत? चार वर्षांनी ती स्वतःच यायची नाही, मैत्रिणी असतील. हातातले होते तेवढे तरी कोणी काढून घेऊ नयेत, एवढंच माझं मागणं.

म्हणून मी रीतसर सुनावणी मागितली. पंच म्हणून प्रीतमचे वडील, आमचे व्याही शिवरामपंत, टेंभी नाक्याहून मुद्दाम आले. ठाण्याच्या कोर्टात जन्मभर कारकुनी केलेला माणूस, सोफ्यावर बसला तरी समोर आरोपी आहे असं वाटतं. काल सकाळी दहाला आमच्या हॉलमध्ये सगळे जमले, संचिता माझ्या शेजारी वेताच्या मोड्यावर. प्रीतमने आपलं म्हणणं मांडलं. मग मी उठलो. म्हटलं, आत काय ते न कळता पैसे टाकणं हा जुगार असेल तर आंब्याची पेटी काय आहे? वरचा थर दिसतो, खालचा घरी गेल्यावर रडवतो. कलिंगड काय आहे? तुमच्या नाक्यावर नवरात्रात लकी ड्रॉची कुपनं फाडतात ती काय आहेत? विनिताच्या भिशीत दर महिन्याला चिठ्ठी निघते ती काय आहे? (इथे हिने माझ्याकडे असं पाहिलं की भिशीचा मुद्दा मी ताबडतोब मागे घेतला.) शेवटी म्हटलं, प्रीतमराव, मुलगी बघायला आलात तेव्हा कांदेपोह्यांच्या दोन बशांत तुम्हाला आतलं काय कळलं होतं? मेघना खूश झाली. प्रीतम म्हणाला की ते वेगळं. काय वेगळं ते त्याला बायकोसमोर सांगता येईना.

शिवरामपंतांनी चष्मा पुसून निवाडा दिला, आणि बोलणं वजनदार होतं हे मान्य करतो. जिथे निव्वळ नशीब, तिथे जुगार. जिथे कसब, तिथे जुगार नाही. व्याहीबुवांकडे कसब असेल तर त्यांनी ते दाखवावं. मी याच वाक्याची वाट बघत होतो! काटा टेबलावर ठेवला. त्यावर विनिता म्हणाली, म्हणजे कोपरच्या बाकीच्या पोरांच्या वाट्याला हलकी पाकिटं यायची ती तुमच्यामुळे? हिला न्यायबुद्धी नेहमी अशा वेळी सुचते. पंतांनी तो मुद्दा विषयाबाहेरचा ठरवला, मीही तो आणखी ताणला नाही.

प्रीतम हुशार. बंटी आणि मी सामील असू म्हणून त्याने ठाण्याहून नवाकोरा सीलबंद डबा आणलेला. वीस पाकिटं, त्यात चमकी एकच, तसं डब्यावर छापलेलं. अट अशी की मी एकच पाकीट उचलायचं. चमकी निघाली तर कसब सिद्ध, रविवार माझे. नाही निघाली तर क्लासचा फॉर्म जाणार. मी हो म्हटलं. वीसही पाकिटं एकेक करून तोलली. कुकरची शिट्टीसुद्धा हिने दाबून धरलेली. विसावं खाली ठेवलं, काटा बंद केला, क्षणभर डोळे मिटले आणि डावीकडून चौदावं उचलून संचिताच्या हातात दिलं.

तिने फोडलं. मासा, मासा, बैल, मासा, एक शिंगवाली पाल, आणि शेवटी चमकी! अण्णा, सोन्याच्या पंखांचं अजस्र घुबड, अख्ख्या हॉलमध्ये उजेड पडला. बाकीची एकोणीस पाकिटं पंतांनी स्वतः फोडली, एकात काही निघालं तर शपथ. मग ते उठले आणि मला मिठी मारली. लग्नातसुद्धा त्यांनी नुसता हात मिळवलेला. प्रीतमने 'सॉरी बाबा' म्हणून फॉर्म फाडला. ही आत जाऊन शिरा परतायला लागली. पेढीतल्या बत्तीस वर्षांत माझा असा सत्कार झाला नव्हता. कसब ते कसब! हे तुमच्या गावात चार लोकांना सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

मालनताईंना नमस्कार, बागेतल्या झाडांना नजर न लागो.

तुमचा विजयी साडू,
रतन

ता. क. सोबतच्या डब्यात कापसात गुंडाळलेला माझा काटा आहे. तो परत पाठवू नका. कोणी विचारलं तर तुम्हीच जायपत्री तोलायला मागून घेतलात असं सांगा. विनिताने विचारलं तरी हेच. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाला. वर चार लोकांना सांगा म्हटलंय, ते नका सांगू.

ता. ता. क. तुमच्यापासून काय लपवू, आपण एकाच घरचे जावई. कंपनीने नवीन मालात काहीतरी बदल केलाय. विसाच्या वीस पाकिटांचं वजन एकच भरलं, गुंजेचा दशांशही इकडेतिकडे नाही. सातव्या पाकिटाला मला घाम फुटला. कबूल केलं असतं तर फॉर्म गेला असता, म्हणून डोळे मिटले आणि हाताला लागेल ते उचललं. आता पंत पुढच्या रविवारी नाक्यावरच्या मित्रांना घेऊन हे कसब बघायला येणार म्हणतात, आणि काटा नसला की मी सुटलो. हे एक कारण झालं.

ता. ता. ता. क. दुसरं कारण हे. काल रात्री निघताना सगळे लिफ्टपाशी गेले आणि संचिता चपलेचा बंद लावायला माझ्यापाशी थांबली. हळूच म्हणाली, "आजोबा, काट्यावर सगळ्यांचे आकडे सेम होते ना?" ती शेजारीच बसलेली, हे मी विसरलेलो. मी हो म्हटलं. मग तुम्ही काय केलंत, असं तिने विचारलं. नऊ वर्षांच्या पोरीशी खोटं बोलायचं कसब माझ्याकडे नाही. म्हटलं, "जुगार." मला वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, पप्पांना नाही सांगणार. आणि दाराबाहेर पाऊल टाकून परत वळली.

"पण त्या जुगारात माझा पण रविवार लावलात ना आजोबा. मला विचारलं पण नाही."

काटा तुमच्याकडेच असू द्या.