पदक पुतण्याला, चित्र भरमाण्णाचं

निपाणी, ११ डिसें. १९३८
काल बेळगावात चित्रप्रदर्शनाचा निकाल. यंदाचं पदक ‘तंबाखू चाळणारी’ला. पाहताक्षणी ओळखली. नाकावर पदर बांधलेली ही भरमाण्णाची बायको, गंगाक्का. त्यानं माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं चित्र. खाली चिठ्ठी मात्र शेटजींच्या पुतण्याच्या नावाची! भरमाण्णा शेटजींच्या वखारीत तंबाखूच्या पुड्यांची लेबलं रंगवतो. पुतण्या मुंबईच्या कलाशाळेत दोन वर्षं राहून भांग पाडायला शिकला. मी वार्ताहर, म्हणून टाळ्या ऐकत बसलो. अंगाचा तिळपापड.

१२ डिसें.
भरमाण्णाला गाठलं. “कोपऱ्यात नाव का घातलं नाहीस?”
“लेबलावर कुटं घालतोय, शास्त्रीबुवा? हात तसाच उठला.”
वीस वर्षांची सवय. वाघ यानं काढायचा, मोर यानं काढायचा, नाव शेटजींचं. चित्र बेळगावला गेलं ते शेटजींच्याच लॉरीतून, फॉर्म भरला त्यांच्या मुनिमानं. निष्काम कर्म ते हेच. शेटजी ते दुसऱ्याकडून करवून घेतात, इतकंच.

१४ डिसें.
शेटजींकडे. चहा, वर पानसुपारी.
“रंग माझा, कापड माझं, माणूस माझ्या पगारावर. मग चित्र कुणाचं हो शास्त्रीबुवा?”
“चित्रातली बाईही तुमचीच का मग?”
पान न घेता उठलो. पुतण्या आतून ऐकत होता. नमस्कार करायलाही आला नाही.

१५ डिसें.
पुण्याच्या पत्रासाठी बातमी लिहिली, खऱ्या नावानिशी. तेवढ्यात भरमाण्णा दारात.
“पाया पडतो, नगा धाडू. काम जाईल माझं.”
“भित्रा आहेस!” तोंडावर म्हणालो. तो गेला. मग जेवण जाईना. काम त्याचं जायचं, शौर्य माझं... छान!

१६ डिसें.
दुपारी गंगाक्का आली. उंबऱ्याशीच बसली.
“त्येनी नगं म्हणालं व्हय? दीड म्हैना मान धरून बसायचं काय सोपं हाय? माझं तोंड माझ्या नवऱ्यानं काडलंय. त्या पोराला मी वळखत बी न्हाय. धाडा तुमी.”
“आणि त्याचं काम गेलं तर, आक्का?”
“बिड्या वळीन की. हात हाईत न्हवं मला?”
“त्याला विचारलंस?”
“त्येनी मला इचारून आलतं व्हय तुमच्याकडं?”
धर्मशास्त्रात निम्मं आयुष्य घातलं. या प्रसंगाला एक वचन सापडेना. टपाल चारला निघतं. तीन वाजून गेले. पाकीट बंद केलंय. चपला घातल्यात, आणि अजून ओटीवरच...