मागे थांबून जिंकलेला कप

रविवार, संध्याकाळ

कंपन्यांची फुटबॉल स्पर्धा जिंकलो. उद्या हिंजवडीच्या ऑफिसात पेढे वाटतील, आणि मला मात्र लाज वाटते आहे. सुरुवातीलाच पेनल्टीवर गोल मिळाला आणि मी, कर्णधार, सगळ्यांना बचावाला मागे ओढलं. मग नुसतं अडवत राहिलो. प्रेक्षक कंटाळून चहाला गेले. आमचा नितीन चेंडू घेऊन सुटला की कुणाला सापडत नाही. तो विनवत होता, "दादा, जाऊ द्या ना समोर!" मी खेकसलो, "मागे थांब!" हरण्याची एवढी कसली भीती?

नंतर नितीनची आई भेटली. त्याचा खेळ बघायला मुद्दाम अमरावतीहून आलेली. हळूच म्हणाली, "माह्या पोराले आज खेळवलं नाही का जी?"

तो शेवटपर्यंत मैदानातच होता. तरी मला "खेळवलं" म्हणता येईना.